सेकंड हँड इलेक्ट्रिक हॅचबॅक: लीफ, झोई, आय३, ई-गोल्फ की बोल्ट?

शांतचाक
नमस्कार मंडळी. घरात एक पेट्रोल गाडी आहे, दुसरी घ्यायची आहे आणि ती इलेक्ट्रिकच घ्यायची यावर घरात एकमत झालंय. नवी बजेटमध्ये बसत नाही म्हणून सेकंड हँड बघतोय. रोजचं येऊन-जाऊन साठ-सत्तर किमी, महिन्यातून एखाद वेळेस दोनशेच्या आसपास. पार्किंगमध्ये साधा प्लग आहे. एसयूव्ही नको, हॅचबॅकच हवी.

जाहिराती चाळून यादी अशी झालीये: निस्सान लीफ (४० युनिटवाली, म्हणजे बॅटरीत ४० किलोवॅट-अवर वीज मावते ती), रेनॉ झोई (४१), बीएमडब्ल्यू आय३ (९४ एएच म्हणतात ती), फोक्सवॅगन ई-गोल्फ (३५.८) आणि शेवर्ले बोल्ट (६०). अडचण अशी की प्रत्येक जाहिरातीत मॉडेल वर्ष, किती किमी पळालीये, किती मालक झाले हे सगळं लिहिलेलं असतं पण बॅटरीबद्दल एक अक्षर नसतं. पेट्रोल गाडी बघताना बॉनेट उघडून आवाज ऐकला, धूर बघितला, ऑइलची डिपस्टिक पुसून बघितली की साधारण अंदाज येतो, इथे बॉनेट उघडून काय बघायचं तेच कळत नाहीये. ज्यांनी वापरल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओममीटर
चांगला धागा. यावर लिहायचंच होतं.

सगळ्यात आधी, मॉडेल वर्ष आणि किमी हे दोन आकडे बाजूला ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत किंमत असते ती बॅटरीची, आणि बॅटरी कशी आहे हे तीन गोष्टींवर ठरतं: तिला थंड ठेवायची काय सोय आहे, ती आजवर किती उन्हात राहिली, आणि मालकाने ती रोज शंभर टक्के भरून तशीच उभी ठेवली का. लिथियम बॅटरी नुसती उभी राहूनसुद्धा म्हातारी होते, आणि फुल चार्ज अधिक उष्णता हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट. त्यामुळे थंड हवेत दीड लाख किमी पळालेली गाडी कडक उन्हात फुल चार्ज करून उभ्या ठेवलेल्या चाळीस हजार किमीच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. हे पटायला वेळ लागतो कारण आपली नजर ओडोमीटरवर जायला सरावलेली असते.

आता तुमच्या यादीकडे याच नजरेने बघा. आय३ मध्ये बॅटरी थंड करायला एसीचाच गॅस फिरवलेला आहे, बोल्टमध्ये कूलंट फिरतं. झोईमध्ये थंड हवा खेळवतात, म्हणजे मधला मार्ग. लीफ आणि ई-गोल्फमध्ये काहीच नाही, बॅटरी आपोआप गार होईल तेव्हा होईल. लीफला हे चांगलंच महागात पडलंय. पहिली २४ युनिटची लीफ २०१० च्या शेवटी आली आणि २०१२ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅरिझोनासारख्या तापलेल्या भागातल्या मालकांनी रेंज भराभर घटतेय म्हणून ओरड केली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि मग कंपनीने बॅटरीच्या क्षमतेवर वेगळी वॉरंटी दिली. पुढे उष्णता सोसणारी सुधारित बॅटरी आली, तरी लिक्विड कूलिंग यायला थेट २०२५ ची तिसरी पिढी उजाडली. तुम्ही बघताय ती दुसऱ्या पिढीतली आहे, म्हणजे कूलिंगविना.

जुनाटायर
ओममीटर यांचं बरोबर आहे पण लीफला एवढं झोडपू नका. शांतचाक यांची गरज बघा, रोज साठ-सत्तर किमी. ४० युनिटवाल्या लीफची अमेरिकन ईपीएची (तिथली सरकारी पर्यावरण संस्था, तिच्या चाचणीतली) रेंज २४३ किमी आहे, बॅटरी ८५ टक्क्यांवर आली असेल असं धरलं तरी दोनशेच्या वर जाते. रोजच्या कामाला निम्मीसुद्धा लागत नाही. शिवाय गाडी साधी आहे, जगात खूप विकली गेलीये त्यामुळे सुटे भाग मिळतात, डिकी मोठी, मागे मोठी माणसं आरामात बसतात. कूलिंग नसल्याचा त्रास कधी होतो तर लांबच्या प्रवासात, एकदा फास्ट चार्ज केला, हायवेला पळवली, परत फास्ट चार्जला लावली की बॅटरी तापलेली असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला चार्जिंग रखडतं. ४० वाल्यात हे इतकं गाजलं की त्याला 'रॅपिडगेट' नाव पडलं. रात्री घरी हळूहळू चार्ज करून दिवसभर गावात फिरवणाऱ्याला हे जाणवतच नाही.

तीनफेज
लीफच्या बाबतीत खरी मेख कूलिंगपेक्षा सॉकेटमध्ये आहे असं माझं मत. लीफचं फास्ट चार्जिंग चाडेमो पद्धतीचं, बाकी बहुतेक दुनिया सीसीएस या दुसऱ्या सॉकेटवर गेलीये, खुद्द निस्साननेच आपली पुढची इलेक्ट्रिक गाडी आरिया बऱ्याच बाजारांत सीसीएसवर दिली. नवीन चार्जिंग स्टेशनवर चाडेमोची वायर एखादीच असते, कधी नसतेच, आणि असली तरी तिथे आधीच कुणीतरी लावून ठेवलेलं असतं. तुमच्या महिन्यातल्या त्या एका दोनशे किमीच्या रस्त्यावर चाडेमो किती ठिकाणी चालू आहेत हे गाडी बघायला जायच्या आधी चार्जिंगच्या अ‍ॅपवर बघून घ्या, नुसता नकाशावरचा ठिपका बघू नका, शेवटचं कुणी कधी चार्ज केलं तेही बघा. गाडी दहा वर्षं चालेल हो, पण सॉकेटला वायरच मिळाली नाही तर काय करणार.

रानवाट
वाचतेय, छान चर्चा. एक प्रश्न, बॅटरी किती उरलीये हे विकत घेणाऱ्याला कळणार कसं? विकणारा म्हणतो "एकदम मस्त आहे ताई, फुल रेंज देते", आणि डॅशबोर्डवरची रेंज तर मागच्या चालवण्यावरून बदलत असते. माझ्या एका नातेवाइकांनी तेवढाच एक आकडा बघून गाडी (मॉडेल सांगत नाही) उचलली, आणि घरी आल्यावर हायवेला लावली तेव्हा रेंज किती खरी ते कळलं.

ओममीटर
रानवाट, हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. डॅशबोर्डवरच्या रेंजला लोक 'अंदाजपंचे मीटर' म्हणतात ते योग्यच आहे. उतारावरून हळू चालवत आणलेली गाडी दमदार रेंज दाखवणारच.

गाडीगणिक पद्धत वेगळी. लीफच्या डॅशबोर्डला चार्जच्या पट्ट्यांना लागून अगदी उजवीकडे बारीक बारा काड्या असतात, त्या बॅटरीच्या आरोग्याच्या. पहिली काडी गेली म्हणजे साधारण १५ टक्के क्षमता गेली, नंतरची प्रत्येक काडी सहा-सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे बाराच्या बारा काड्या असलेली गाडी ९९ टक्क्यांची असेल किंवा ८६ चीही असेल. म्हणून एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घ्या आणि फोनवर लीफस्पाय अ‍ॅप टाका, ते थेट टक्केवारी आणि एकेका सेलचं व्होल्टेज दाखवतं. सगळ्या सेलच्या उभ्या रेषा एका पातळीत असल्या पाहिजेत. चार्ज कमी असताना, वीस टक्क्यांच्या खाली, एखादी रेष बाकीच्यांपेक्षा चांगलीच खाली बसलेली दिसली तर तो सेल दमलेला आहे, मग टक्केवारी कितीही चांगली असो. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी फुल चार्ज करून ठेवू नका, मला कमी चार्जवरही बघायचीये.

आता एक सावधगिरी. जुन्या लीफमध्ये बॅटरीचा कॉम्प्युटर रिसेट करून बारा काड्या तात्पुरत्या परत आणता येतात, थोडे दिवस चालवली की परत खऱ्या जागी येतात. रिसेट केल्यावर अ‍ॅपमधला आकडाही काही काळ फसवा असतो. त्यामुळे मी कुठल्याच काडीवर किंवा आकड्यावर भिस्त ठेवत नाही, गाडी चालवून मोजतो.

कसं मोजायचं सांगतो, आय३ ९४ एएचचं उदाहरण घेऊ. या बॅटरीत नावाला ३३ युनिट पण वापरता येतात साधारण २७. ट्रिप मीटर शून्य करा, चार्ज ८० टक्के असताना निघा आणि ४० टक्क्यांपर्यंत चालवा. समजा ७० किमी झाले आणि गाडीने सरासरी १०० किमीला १४ युनिट दाखवले, म्हणजे ९.८ युनिट खर्च. ४० टक्क्यांत ९.८, म्हणजे पूर्ण बॅटरीत साडेचोवीस. २७ मधले साडेचोवीस म्हणजे नव्वद टक्के. ही रीत सगळ्या गाड्यांना चालते, दोनच अटी: कमीत कमी ३०-४० टक्के खर्च झाले पाहिजेत (पाच-दहा टक्क्यांवर हिशोब केला तर चूक मोठी येते), आणि हवा फार गार नको. जो विकणारा तासभर गाडी चालवू द्यायला तयार नाही त्याच्याकडची घेऊ नका, हे मी मनापासून सांगतोय.

आय३ मध्ये तर याहून सोपं आहे. डॅशबोर्डच्या ट्रिप रिसेटचं बटण दाबून धरलं की सर्व्हिस मेनू उघडतो, चासी नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांची बेरीज टाकून तो अनलॉक करायचा आणि आत 'बॅट. कापा. मॅक्स' अशी ओळ शोधायची. तिथे उरलेली क्षमता युनिटमध्ये लिहिलेली असते.

रानवाट
वाचनखूण साठवली! हे असं कुणी सांगत नाही.

निळीछत्री
आमच्याकडे झोई ४१ आहे, गावात वापरायला अतिशय गोड गाडी, आम्ही खूश आहोत. पण घेण्याआधी दोन-तीन गोष्टी कागदावर बघाव्या लागतात त्या लिहिते.

पहिलं म्हणजे बॅटरीची मालकी. झोई बऱ्याच देशांत अशी विकली गेली की गाडी तुमची पण बॅटरी भाड्याची, दर महिन्याला हप्ता. अशी गाडी सेकंड हँडमध्ये स्वस्त दिसते आणि माणूस फसतो, कारण भाड्याचा करार नव्या मालकाच्या गळ्यात येतो. चासी नंबर देऊन बॅटरी भाड्याची की मालकीची, आणि मधल्या मालकाने ती विकत घेऊन टाकली असेल तर त्याचं पत्र, हे लेखी घ्या. तोंडी नको. हेच जुन्या लीफलाही लागू, तिच्यातही काही बाजारांत भाड्याची बॅटरी होती.

दुसरं, ४१ युनिटवाल्या झोईला डीसी (स्टेशनवरचं) फास्ट चार्जिंगच नाही. ते २०१९ च्या ५२ युनिटवालीपासून आलं, तेही बऱ्याचदा जास्तीचे पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून, त्यामुळे ५२ वाली बघत असाल तर सॉकेटचं झाकण स्वतः उघडून खाली दोन जाड पिना आहेत का ते बघा. ४१ वाली एसीवर (घरात येते तशा विजेवर, एअरकंडिशनर नव्हे) मात्र झकास चार्ज होते, थ्री फेजवर २२ किलोवॅट, आणि एक व्हर्जन तर ४३ पर्यंत घेतं.

तिसरं घरच्या प्लगबद्दल. झोईचा चार्जर मोटरच्याच वायंडिंगमधून काम करतो, त्यामुळे साध्या प्लगवर कमी अँपिअरने लावली की बरीच वीज वाया जाते, आणि अर्थिंगच्या बाबतीत ही गाडी फार चोखंदळ आहे, जरा अर्थिंग कच्चं असलं की चार्जिंगच घेत नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासा.

जुनाटायर
झोईला सुरक्षेत शून्य स्टार मिळाले होते ना युरो एनकॅपमध्ये? घरची माणसं बसणार असतील तर हा विचार हवा.

निळीछत्री
हो, २०२१ साली शून्य मिळाले, आणि ते अर्धवट वाचून लोक सगळ्याच झोई नाकारतात. २०१३ ला याच गाडीला पाच स्टार होते. मधल्या काळात चाचणी कडक झाली हे एक, पण नंतरच्या मॉडेलमध्ये सीटमधली साइड एअरबॅग बदलली, आधीची डोकं आणि छाती दोन्ही सांभाळायची, नंतरची फक्त छाती. म्हणजे या बाबतीत जुनी ४१ वाली उलट बरी. मला हे फार खटकलं, नवीन मॉडेल काढताना डोक्याचं संरक्षण कमी करायचं, हे कुठल्याच कंपनीने करू नये. तुम्ही बघाल त्या वर्षाच्या गाडीत कुठली एअरबॅग आहे ते विचारून घ्या.

तीनफेज
आय३ बद्दल थोडं. तिचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे त्यामुळे गंज नाही, वजन कमी, मागच्या चाकांवर चालते आणि एकदम चपळ. चालवून बघाल तर बाकीच्या चार विसराल. पण चारच सीट, आणि मागचे दरवाजे उलटे उघडतात तेही पुढचा उघडल्याशिवाय नाही, शाळेच्या दारात मुलं उतरवताना रोज पुढच्याला बेल्ट सोडून उठायला लागतं. टायर १९ इंची आणि १५५ रुंदीचे, असे टायर दुसऱ्या गाडीला नसतात, सहज मिळत नाहीत, त्यामुळे टायरची नक्षी किती उरलीये ते किमतीत धरा.

आणि एअरकंडिशनर. टेस्ट ड्राइव्हला तो पूर्ण चालू ठेवा आणि आवाज ऐका. या गाडीत कॉम्प्रेसर आतून झिजून फुटला तर धातूचा चुरा सगळ्या गॅसलाइनमध्ये जातो, आणि तीच लाइन बॅटरी गार करते, त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, खर्च फार मोठा होतो. रेंज एक्स्टेंडरवाली मिळाली तर तिच्यात स्कूटरवरून घेतलेलं ६४७ सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, म्हणजे ऑइल, फिल्टर, पेट्रोलची टाकी सगळं परत आलं. घरात पेट्रोल गाडी आहेच, तर तुम्हाला त्याची गरज नाही.

ओममीटर
बोल्टबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. यादीतली सगळ्यात जास्त रेंजवाली तीच, ईपीए ३८३ किमी. भारी गोष्ट अशी की एलजीच्या सेलमध्ये दोष सापडला, आगी लागल्या, आणि २०२१ मध्ये जीएमने (शेवर्लेची मालक कंपनी) सगळ्याच्या सगळ्या बोल्ट रिकॉल केल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१७ ते २०१९ च्या गाड्यांना बॅटरी नवीन बसवून दिली, आणि बदललेल्या बॅटरीला नव्याने आठ वर्षांची वॉरंटी. म्हणजे गाडी २०१७ ची आणि बॅटरी तिच्याहून कितीतरी तरुण, आणि जाहिरातीत मात्र वर्ष २०१७. २०२० ते २०२२ च्या गाड्यांना मात्र बऱ्याचदा सॉफ्टवेअर दिलं, ते साधारण दहा हजार किमीपर्यंत चार्ज ८० टक्क्यांवर अडवून ठेवतं, तोवर बॅटरी तपासतं आणि सगळं ठीक असेल तर मर्यादा आपोआप काढतं. त्यामुळे बोल्ट बघताना चासी नंबर टाकून रिकॉलचं काम झालंय का आणि नेमकं कुठलं झालंय हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. काम न झालेली गाडी दारात उभी करू नका, स्वस्त असली तरी.

खोट एकच, फास्ट चार्जिंग हळू आहे, जास्तीत जास्त ५५ किलोवॅटच्या आसपास, आणि बॅटरी भरत आली की आणखी कमी. तुमच्या दोनशे किमीला मध्ये थांबायचीच गरज पडणार नाही म्हणून फरक पडत नाही.

शांतचाक
इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोन शंका. ई-गोल्फबद्दल कुणी बोललंच नाही, ती का? आणि थंडीत रेंज खरंच इतकी पडते का?

जुनाटायर
ई-गोल्फबद्दल बोलण्यासारखं वाईट काही नाही म्हणून राहिलं असेल! आतून बाहेरून साधी गोल्फ, सगळी बटणं जिथल्या तिथे, सीसीएस सॉकेट, बांधणी भक्कम. कूलिंग नाही पण लीफसारखी बदनामी झाली नाही. ईपीए रेंज मात्र २०१ किमी, तीही नवीन असताना, त्यामुळे तुमचा दोनशेचा फेरा मध्ये चार्ज केल्याशिवाय होणार नाही, आणि हायवेला ११०-१२० ने गेलात तर त्याहून कमी.

थंडीचं म्हणाल तर पाव भाग रेंज सहज जाते, कडाक्याच्या थंडीत आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत तिसरा भागसुद्धा. पेट्रोल गाडीत हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, इथे तो बॅटरीतूनच घेतो. म्हणून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा, कमी विजेचा हीटर) आहे का ते बघा, झोईला असतो, आय३ आणि लीफमध्ये व्हर्जनप्रमाणे असतो किंवा नसतो. सीट आणि स्टिअरिंग गरम होत असेल तर तेच वापरायचं, अख्ख्या गाडीची हवा गरम करण्यापेक्षा खूप कमी वीज लागते.

तीनफेज
गाडी बघायला जाल तेव्हा बॅटरीच्या नादात बाकीची गाडी बघायची राहून जाते. ब्रेक बघा, विशेषतः मागच्या डिस्क. या गाड्यांत वेग कमी करायचं काम बहुतेक वेळा मोटरच करते त्यामुळे ब्रेक पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत पण डिस्क न वापरल्याने गंजतात. चाकाच्या जाळीतून टॉर्च मारा, पॅड जिथे घासतो तो पट्टा चकचकीत पाहिजे, तिथे खडबडीत तांबूस थर दिसला तर डिस्क बदलावी लागेल, आणि ते किमतीतून कापून घ्या.

गाडीखाली वाकून बघा, जमल्यास लिफ्टवर घ्या. बॅटरीच्या तळाला दगड लागून खड्डा पडलाय का, चुकीच्या जागी जॅक लावून पत्रा दबलाय का. चार्जिंग सॉकेटच्या पिना काळपट किंवा आजूबाजूचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर तिथे सैल संपर्काने उष्णता झालेली आहे. आणि एसी, डीसी दोन्ही चार्जिंग प्रत्यक्ष लावून बघा, पाच मिनिटं का होईना, कारण गाडीतला चार्जर गेला असेल तर तो फक्त एसीवर लावल्यावरच कळतो, विकणारा फास्ट चार्जवरून आणून उभी करतो आणि पत्ता लागत नाही.

रानवाट
माझी भर: साधी १२ व्होल्टची बॅटरी. एवढी मोठी बॅटरी खाली असून गाडी या छोट्या बॅटरीवाचून उठतच नाही, कारण मोठ्या बॅटरीचे रिले हीच बंद-चालू करते. ती मरायला आली की डॅशबोर्डवर चित्रविचित्र वॉर्निंग येतात आणि लोकांना वाटतं मोठं काहीतरी गेलं. आमच्या गाडीला अशाच पाच-सहा वॉर्निंग एकदम आल्या होत्या, एका गॅरेजने मोठ्या बॅटरीपर्यंत हिशोब नेला, दुसरीकडे १२ व्होल्टची बदलली आणि सगळं गेलं. ती पाच-सहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर घेतल्या घेतल्या बदलून टाका.

निळीछत्री
वॉरंटीचंही विचारा. बहुतेक कंपन्यांची बॅटरीवर आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किमी, यातलं आधी जे होईल ते, आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर, अशी साधारण रचना असते. २०१७-१८ च्या गाडीची ती संपत आलेली किंवा संपलेली असणार. २०२० नंतरची फोक्सवॅगन आयडी थ्री किंवा २०२२ नंतरची एमजी फोर आवाक्यात येत असेल तर एकदा बघाच, कूलिंग चांगलं आणि वॉरंटीची वर्षं शिल्लक.

ओममीटर
+१. फक्त एमजी फोर ५१ युनिटवाली घेतलीत तर तिची बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारची आहे. तिला अधूनमधून शंभर टक्के भरायलाच लागतं, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. बाकी निकेलवाल्या बॅटऱ्यांना मात्र रोज ८० टक्के पुरे, लांब जायच्या आदल्या रात्री शंभर. शांतचाक, तुमच्या वापराला माझी पसंती सांगायची तर बॅटरी बदललेली बोल्ट पहिली, ती नाही मिळाली तर कॉम्प्रेसर शांत असलेली आय३, आणि चाडेमो वाटेत असतील तर लीफ तिसरी.

शांतचाक
बोल्ट आणि आय३ दोन्ही बघायला जातोय, डोंगल मागवलाय. शेवटची शंका, साध्या प्लगवर रोज चार्ज होईल ना? वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लगेच लावायलाच हवा का?

तीनफेज
लगेच नको. रोजच्या सत्तर किमीला दहा-अकरा युनिट लागतात, चार्जिंगमधली घट धरून बारा. २३० व्होल्टचा प्लग १० अँपिअरने २.३ किलोवॅट देतो, म्हणजे सव्वापाच तास, रात्रीत होऊन जातं. पण त्या प्लगला मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या, स्वतःचा एमसीबी आणि आरसीडी (वीज गळली की तोडणारा स्विच) लावा, आणि मधे एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पहिल्या रात्री तासाभराने जाऊन प्लगला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर तिथेच बंद करा आणि सॉकेट बदला.